वडिलांना पार्किन्सन्स निघालाय. 'गोळी पाच वर्षंच चालते, म्हणून सुरू करायला उशीर करा' हे खरं का?

तुम्ही लिहिलंय की वडील 66 वर्षांचे आहेत, लातूरच्या डॉक्टरांनी सिंडोपा लिहून दिलीय, आणि काका म्हणतात जितकी लांबवाल तितकी बरी. मी डॉक्टर नाही. औसा तालुक्यात आमची शेती आहे आणि माझ्या अण्णांना हा आजार होऊन दहावं वर्ष चालू आहे. त्या जोरावर सांगतो.

काकांचं म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणून जास्त घातक. मेंदूच्या आत खोलवर एक लहानसा काळपट भाग असतो, सब्स्टॅन्शिया नायग्रा. तिथल्या पेशी डोपामिन तयार करतात आणि त्याच्यावर आपल्या हालचाली सुरळीत चालतात. या आजारात त्या पेशी मरत जातात. लक्षणं दिसेपर्यंत निम्म्याच्या आसपास गेलेल्या असतात. सिंडोपात लेव्होडोपा असतं, त्याचं मेंदूत डोपामिन होतं. सोबतचं कार्बिडोपा ते वाटेतच खर्च होऊ देत नाही, त्यामुळे मळमळही कमी होते.

मग काही वर्षांनी गोळी कमी वेळ का पुरते? काळ्या रानाला एक पाळी पाणी दिलं की आठवडा निघतो, मुरमाड रानाला दर दोन दिवसाला द्यावं लागतं. पाणी तेच. उरलेल्या पेशींना डोपामिन साठवून ठेवता येत नाही, ओल धरत नाही म्हणा. गोळी नाही घेतली तरी रान मुरमाड व्हायचं थांबत नाही. गोळी लांबवल्यानं आजार हळू होतो असं अभ्यासांतही दिसलेलं नाही. मधली चांगली वर्षं मात्र आखडून जातात. आमची दोन तशीच गेली.

कारण अण्णांचा हात थरथरतच नव्हता. उजवा खांदा आखडला म्हणून वर्षभर तेल, शेक, मालिश केलं. चालताना उजवा हात झुलत नव्हता, तो कोणी बघितलाच नाही. शेवटी पीकविम्याचे पैसे काढायला गेलो तर बँकेत सही जुळेना. जुनी सही ठसठशीत, नवी मुंग्यांची रांग. अक्षर असं बारीक होणं हे या आजाराचं ओळखीचं लक्षण आहे, हे नंतर कळलं. वास न येणं, बद्धकोष्ठता, झोपेत ओरडून लाथा मारणं हे तर त्याआधी कितीतरी वर्षं होतं. आई म्हणायची, "रात्री कुणाशी भांडायलाव?" डॉक्टरांनी बोटं चिमटीसारखी उघडझाप करायला लावली, चालवून बघितलं आणि निदान केलं. एमआरआय नॉर्मलच होता. त्यावरून "काही नाही" असं धरून बसू नका.

आता मुख्य गोष्ट, जी मला तीन वर्षं कोणी सांगितली नाही. गोळी किती मिलिग्रॅमची यापेक्षा ती कशासोबत पोटात जाते हे बघा. अण्णांची सकाळ म्हणजे दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, आणि गोळी त्याच्यावर. अकरापर्यंत माणूस ओट्यावर पुतळ्यासारखा. आम्ही डोस वाढवून घेतला, तरी तेच. मग एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी विचारलं, दूध कधी घेता? दूध, डाळ, अंडी, मटण यांतल्या प्रथिनांचे घटक आणि लेव्होडोपा शरीरात एकाच दारातून आत जातात. दारात गर्दी झाली की गोळी बाहेरच राहते. आता गोळी सहा वाजता पाण्यासोबत, खाणं अर्ध्या-पाऊण तासानं, दूध रात्री. आठ दिवसांत अण्णा स्वतः गोठ्यापर्यंत जायला लागले. (सुरुवातीला मळमळलं तर एखादं बिस्किट चालतं. लोहाच्या गोळ्याही सोबत नकोत.)

वेळही तशीच पाळायची. हर्नियाच्या ऑपरेशनला ॲडमिट होते तेव्हा वॉर्डात गोळ्या सकाळ-दुपार-रात्र अशा तिनदाच मिळायच्या, घरी पाच वेळा होत्या. तिसऱ्या दिवशी अण्णांना कूस बदलता येईना. ॲडमिट करताना वेळांचा कागद उशाला चिकटवा आणि भांडायची तयारी ठेवा. एकदम बंद तर कधीच करू नका, ताप येऊन जिवावर बेतू शकतं.

पाहुणे कवचबीजाची, म्हणजे खाजकुयलीच्या बियांची पूड सुचवतील. ते थोतांड नाही, त्यात नैसर्गिक लेव्होडोपाच असतं. म्हणूनच गुपचूप देऊ नका. गोळीवर आणखी किती पडतंय हे कळत नाही आणि हातपाय वेडेवाकडे हलायला लागतात.

मेंदूत तारा बसवायची शस्त्रक्रिया, डीबीएस, ही पुढची गोष्ट. लाखांचा खर्च आहे, आजार बरा होत नाही, आणि ज्यांना गोळी लागू पडते पण तिचा चढ-उतार छळतो त्यांनाच ती खरी उपयोगी. आज डोक्यातून काढा. त्यापेक्षा रोजचा व्यायाम आणि मोठ्यानं हरिपाठ म्हणणं सुरू करा, आवाज खोल जातो तो त्यानं टिकतो. पाय जमिनीला चिकटले तर ओढू नका. समोर काठी आडवी धरा आणि "ओलांडा" म्हणा, पाय उचलतो.

शेवटी एक काम आजच करा. वडील गॅसची कॅप्सूल घेतात का बघा. पाकिटावर रॅबेप्राझोल किंवा पँटोप्राझोलसोबत लेव्होसल्पिराइड लिहिलेलं असेल तर ते पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा. उलटीचं मेटोक्लोप्रामाइड, चक्करेची सिनारिझिन, फ्लुनारिझिन हीही तशीच. ही औषधं डोपामिनच्या आड येतात आणि निव्वळ त्यांच्यामुळे पार्किन्सन्ससारखी लक्षणं दिसू शकतात. आमच्याकडं गावच्या मेडिकलमधून आणलेली अशी कॅप्सूल अण्णा रोज उपाशीपोटी घेत होते.