नव्या सचिवांना: आधी एवढंच सांभाळा

हवालदारसाहेब, तालुक्याच्या माजी सैनिक संघटनेचं काम अंगावर घेतलंत, बरं झालं. सुरुवातीला तीनच गोष्टी बघा.

१. निधनाची बातमी घरच्यांशी बोलल्याशिवाय ग्रुपवर टाकू नका. मी एकदा ऐकीव टाकली. संध्याकाळी त्याच सुभेदारसाहेबांचा फोन, "माझ्या तिरडीचे बांबू आणलेस का रे?" हसले, म्हणून वाचलो.

२. म्हाताऱ्या पेन्शनरांकडे स्मार्टफोन असतोच असं नाही. महिन्यातून दोन-तीन घरी चहाला जा. बोलता बोलता पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, मागा. पत्नीचं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का, बघा. एका अक्षराचा फरकही पुढे फॅमिली पेन्शनला नडतो. दुरुस्ती नवरा हयात असतानाच करून घ्यावी, नंतर त्या माउलीला फार हेलपाटे पडतात. अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहेच. वर्षाच्या हयातीच्या दाखल्याची आठवणही त्या चहाच्या वेळीच करून द्या.

३. हुद्दा चपलांबरोबर दारात. बैठकीला सगळे एकाच सतरंजीवर.

२६ जुलैचा कारगिल विजय दिन, ७ डिसेंबरचा ध्वजदिन साधेपणाने करा. मांडव-पाहुणे पुढच्या वर्षी. 'स्पर्श' या सैनिकी पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलची किचकट प्रकरणं तूर्त आपल्या जुन्या क्लार्कसाहेबांकडे द्या.

रविवारी या, सभासदांची वही देतो. फोन नंबर पेन्सिलीने लिहिलेत, सारखे बदलतात.