मुलगा दुसरीत आहे, वर्गात बसत नाही, वाचत नाही, बाई म्हणतात डॉक्टरला दाखवा. हा आळस, मस्ती की दुसरं काही?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा साडेसात वर्षांचा, मराठी मीडियम, वर्गात जागेवर टिकत नाही, वाचायला दिलं की पोटात दुखतं, बाईंनी डायरीत लिहून पाठवलंय, नवरा म्हणतो बाईंना वर्ग सांभाळता येत नाही म्हणून पोराच्या माथी मारतायत, सासूबाई म्हणतात "ताचो बापूयय असोच आशिल्लो" (त्याचा बापही असाच होता), आणि तुम्ही रात्री व्हिडिओ बघून बघून एडीएचडी (लक्ष टिकत नाही, चळवळ जास्त), ऑटिझम (संवाद आणि मिसळणं वेगळं), डिस्लेक्सिया (वाचन-लेखनाची अडचण) सगळंच त्याला आहे अशा निष्कर्षाला आलायत. ते व्हिडिओ आधी बंद करा. त्यातली अर्धी लक्षणं मला स्वतःला लागू पडतात.

मी डॉक्टर नाही. गोव्यात पेडण्याकडे सरकारी प्रायमरीत 22 वर्षं शिकवतेय, त्यामुळे तुमच्या मुलाला काय आहे ते मी सांगणार नाही, इथे कोणी सांगितलं तरी ऐकू नका. पण माझं काय चुकलं ते सांगते, त्यातून तुम्हाला काही मिळेल.

साधारण दहा वर्षांपूर्वी माझ्या तिसरीत एक मुलगा होता, बाप होडीवर, आई मासळी विकायची. फळ्यावरचं उतरवायला सांगितलं की दोन अक्षरं लिहायचा, वर बघायचा, कुठे होतो ते हरवायचं, परत पहिल्यापासून. बाकीच्यांचं पान भरायचं तेव्हा याच्या तीन ओळी, त्याही इतक्या खोडलेल्या की रबराने पानाला भोक पडलेलं. 'घर'चं 'धर', 'भात'चा 'मात'. 'कमळ' वाचायचा पण 'किरण' आलं की गाडी बंद, कारण ती वेलांटी दिसते आधी आणि बोलायची नंतर. जोडाक्षर आलं की "बाई, लघवीला जाऊ?" मी प्रगतीपुस्तकात लिहिलं, 'हुशार आहे पण आळशी, अभ्यासात लक्ष नाही'. दोन सत्रं सलग तेच लिहिलं, निळ्या शाईने, छान अक्षरात.

मग एका रविवारी बाजारात त्याच्या आईकडे बांगडे घ्यायला गेले तर ती चहाला गेलेली आणि पाटीशी हाच बसलेला. वाटा शंभरचा, सहा बांगडे. मी म्हटलं अडीच वाटे दे, आणि पाचशेची नोट पुढे केली. त्याने पंधरा मोजून पिशवीत घातले, अडीचशे काढून हातावर ठेवले, आणि मी विचार करत होते की बरोबर आहे का, तेवढ्यात म्हणतो "बाई, हो बांगडो मोव जाला, दुसरो दितां" (हा मऊ पडलाय, दुसरा देतो). त्याच आठवड्यात अशाच शाब्दिक उदाहरणाचा पेपर त्याने मला कोरा दिला होता. हिशोब त्याला येत होता हो, उदाहरण वाचताच येत नव्हतं! आणि पहाटे बापाबरोबर जाळं आवरायला जाणाऱ्या पोराला मी आळशी लिहिलं होतं.

पुढे रिसोर्स टीचर (अशा अडचणीच्या मुलांसाठीच्या खास शिक्षिका) आल्या, त्यांनी वह्या बघितल्या, टेस्टिंगला पाठवलं, लर्निंग डिसॅबिलिटी निघाली, वाचन-लेखनाची. बुद्धी नॉर्मलच्या थोडी वरच. यात बुद्धी कमी नसते, अक्षर आणि आवाज यांची जोडी मेंदूत पटकन जुळत नाही, म्हणून दहा वेळा शिकवलेलं अकराव्या वेळी परत नवीन वाटतं. इंग्रजी व्हिडिओत सांगतात की मूल बी आणि डी उलटं लिहितं, पण आपल्या लिपीत ते तसं दिसत नाही. आपल्याकडे मात्रा, वेलांट्या, अनुस्वार गळणं, ट-ठ-ड-ढ ची सरमिसळ, रफार कुठे द्यायचा ते न कळणं, एकच शब्द एका पानावर तीन प्रकारे लिहिणं, असं दिसतं. आणि हो, पहिली-दुसरीत या चुका बहुतेक सगळीच पोरं करतात. भरपूर सराव करूनही त्या तशाच राहिल्या, बरोबरची पोरं पुढे गेली आणि हा तिथेच, तेव्हा शंका घ्यायची.

आता गोव्यातली खास भानगड. घरात कोंकणी, शाळेत मराठी, टीव्हीवर हिंदी, ट्यूशनला इंग्लिश. पोरगं घरी "हांव घरा वतां" म्हणतं आणि वहीत आपल्याला 'मी घरी जातो' हवं असतं. माझ्या वर्गात तर कन्नड बोलणारी पोरंही आहेत. मग न वाचणं हा भाषेचा गोंधळ की दुसरं काही? मी एक साधी गोष्ट करते, पोराला जवळ बसवून कोंकणीतून चवथीला, म्हणजे गणपतीत, काय काय झालं ते सांगायला लावते. घडाघडा सांगितलं, आधीचं आधी नंतरचं नंतर, म्हणजे बोलीभाषा ठीक आहे, अडचण एकतर शाळेच्या भाषेची नाहीतर अक्षरांची. घरच्या भाषेतही वाक्य जुळत नसेल, सांगितलेलं समजत नसेल तर प्रकरण वेगळं आणि जास्त घाईचं. टेस्टिंग करणाऱ्याला घरात कुठली भाषा चालते ते विचारायच्या आधी सांगा.

जागेवर न बसण्याबद्दल. एडीएचडी म्हणायला डॉक्टर लोक बघतात ते असं, की लक्षणं बरीच हवीत, निदान सहा महिने हवीत, बारा वर्षांच्या आत सुरू झालेली हवीत, आणि दोन तरी ठिकाणी हवीत, म्हणजे शाळेत आणि घरी, किंवा शाळेत आणि ट्यूशनला. नुसतं मराठीच्या तासाला उठून पळत असेल आणि चित्रकलेला तासभर बसत असेल तर मला आधी वाचनाचीच शंका येईल, कारण जे जमत नाही त्यापासून कुणीही पळतं, मी पण एक्सेल शीट भरायची आली की चहा करायला उठते. उलट बाजूने, "मोबाईलवर दोन तास बसतो मग लक्ष नाही कसं?" हा नवऱ्यांचा आवडता मुद्दा, त्याला अर्थ नाही. गेममध्ये दर दोन सेकंदाला बक्षीस मिळतं, पाढ्यात मिळत नाही, एडीएचडीवालं मूल पण गेमवर बसतं. आणि दोन्ही एकत्र असू शकतं, वाचनाचंही आणि लक्षाचंही, तेही काही कमी नाही. मुलींचं तर लक्षातच येत नाही, कारण त्या पळत नाहीत, खिडकीतून बाहेर बघत शांत बसतात आणि आम्ही शिक्षक म्हणतो, गुणी आहे बिचारी.

पण या मोठ्या नावांच्या आधी साध्या गोष्टी तपासून घ्या. कान आणि डोळे, हे पहिलं. वारंवार सर्दी होऊन कानात पाणी राहिलेलं मूल अर्धं ऐकतं आणि आपण म्हणतो ऐकत नाही. रात्री तोंड उघडं टाकून घोरतो का, झोप किती होते, रक्त कमी आहे का. मध्येच पाच-दहा सेकंद शून्यात बघून परत जिथे होता तिथून सुरू होतो का, ती एक प्रकारची फिट असू शकते आणि वर्गात ती लक्ष नसल्यासारखीच दिसते. आणि घरात काय चाललंय. रोज रात्री घरात पिऊन भांडण होत असेल तर सकाळी पोरगं काय कपाळ लक्ष देणार. (तुमच्या घरी तसं आहे असं मी म्हणत नाहीये, पण डॉक्टर विचारतील, तेव्हा राग मानू नका.)

मग एक वही करा. फक्त दोन आठवडे, जास्त नको, कंटाळाल. वहीत 'फार मस्ती करतो' असलं काही लिहायचं नाही. लिहायचं, 'मंगळवार, अभ्यासाला बसला, चार मिनिटात उठला, वाचन होतं. नंतर लेगो पाऊण तास.' बाईंनाही सांगा तशाच दोन ओळी लिहून द्यायला, आणि भांडायला जाऊ नका हो त्यांच्याशी, डायरीत लिहायला शिक्षकाला धीर लागतो, आमच्यातले बरेच जण पालक चिडतील म्हणून गप्पच राहतात. जुन्या वह्या टाकू नका, पहिलीच्या आणि आताच्या दोन्ही घेऊन जा, मोबाईलमधले फोटो नको, खरी वही, त्यात पेनाचा दाब आणि खोडाखोड दिसते.

कुठे जायचं. आधी तुमचा नेहमीचा मुलांचा डॉक्टर, किंवा म्हापशाला नाहीतर मडगावला जिल्हा हॉस्पिटलात मुलांची ओपीडी. तिथून गोमेकॉ (बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज), किंवा बांबोळीलाच आयपीएचबी (मानसोपचाराचं सरकारी हॉस्पिटल). आयपीएचबीचं नाव काढलं की आपल्याकडे लोकांचे चेहरे बदलतात, "पिशांच्या (वेड्यांच्या) हॉस्पिटलात नेलं" म्हणतील, म्हणू द्या. पर्वरीला संगाथ ही संस्था आहे, 1996 पासून मुलांच्या आणि मनाच्या आरोग्यावर काम करते. प्रायव्हेटमध्ये जाणार असाल तर टेस्ट करणारा सायकॉलॉजिस्ट आरसीआयकडे (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) नोंदलेला आहे का ते विचारा, अर्ध्या तासात रिपोर्ट देतो म्हणणाऱ्याकडे पैसे घालवू नका. देवाला कौल लावायचाय, गाऱ्हाणं घालायचंय, जरूर घाला, मी पण घालते, फक्त अपॉइंटमेंटची तारीख चुकवून नको.

सर्टिफिकेटचं घाईने मागे लागू नका. 2016 च्या दिव्यांग कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे, लर्निंग डिसॅबिलिटी आहे, एडीएचडी वेगळा असा नाही. लर्निंग डिसॅबिलिटीचं सर्टिफिकेट आठ वर्षं पुरी झाल्यावरच मिळतं, मग 14 ला आणि 18 ला परत तपासणी. म्हणजे तुमच्या मुलाचं आत्ता होणारच नाही. पण मदत सुरू करायला सर्टिफिकेट लागत नाही. पुढच्या बाकावर बसवा, एका वेळी एकच सूचना द्या, तोंडी परीक्षा घ्या, मधे मधे खडू आणायला पाठवा, कठीण पान आधी तुम्ही वाचून दाखवा मग त्याला द्या, हे उद्यापासून होतं. माझा तो मासळीवाला मुलगा दहावीला जादा वेळ आणि रायटर घेऊन बसला आणि पास झाला. गोळ्यांचं म्हणाल तर एडीएचडीत कधी कधी लागतात, फरकही पडतो, पण ते मानसोपचारवाल्या डॉक्टरने ठरवायचं, शेजारणीने नाही आणि गुगलने तर नाहीच.

ऑटिझमचंही विचारलंयत म्हणून सांगते, तुम्ही लिहिलंय त्यात मला तसं काही दिसलं नाही, मित्र आहेत, गप्पा मारतो, खोटं बोलून सुटायला बघतो (हे चांगलं लक्षण आहे, हसू नका). माझ्या बहिणीच्या मुलाचं वेगळं होतं. तीन वर्षांचा असताना चवथीला माटोळीखाली (गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात ती चौकट) उभा राहून नारळ, सुपारीचं शिपटं, तोरिंगण, कवंडळ, आंबाडे सगळं ओळीने म्हणायचा, दिवसातून वीस वेळा, त्याच क्रमाने, आणि सगळे म्हणायचे काय हुशार. पण एकदाही बोट दाखवून, आपल्याकडे वळून, "मावशी ते बघ" असं नाही. हाक मारली की वळायचा नाही. आरतीला घुमट-शामेळ ही वाद्यं सुरू झाली की कान दाबून न्हाणीघरात. बहिणीला सगळे म्हणाले मुलगे उशिरा बोलतात. यात दीड वर्षं गेलं. दीड वर्षाचं मूल काही दाखवायला बोट करत नसेल, वर्षाचं झालं तरी हाकेला वळत नसेल, दोन वर्षांला दोन शब्द जोडत नसेल, किंवा येत असलेले शब्द गेले असतील, तर थांबायचं नाही, लगेच दाखवायचं. लसीमुळे होतं हे खोटं आहे, तसं म्हणणारा 1998 चा पेपर 2010 मध्ये मागे घेतला गेला, पण व्हॉट्सअ‍ॅपवर अजून फिरतो. आणि यात आईवडील बरंच करू शकतात, गोवा आणि रावळपिंडी इथे एक अभ्यास झाला होता, 2016 ला छापून आला, त्यात साध्या आरोग्य कार्यकर्त्या आईचा मुलाबरोबर खेळतानाचा व्हिडिओ काढून तिच्याचबरोबर बसून बघायच्या, कुठे त्याने बघितलं, कुठे तू थांबलीस ते दाखवायच्या, आणि त्याने पोरं जास्त पुढाकार घेऊन संवाद करायला लागली.

आणि शेवटचं, अपॉइंटमेंटला सासूबाईंना बरोबर न्या. खरंच. एडीएचडी काय, वाचनाची अडचण काय, घराण्यात चालत येतात, आणि डॉक्टर पहिल्या भेटीत विचारतात की घरात आणखी कुणाला होतं का. "बापूय असोच आशिल्लो" हे त्या कुरबुर म्हणून बोलतात, तिथे खुर्चीवर बसून सांगतील तेव्हा ती माहिती आहे. मुलाचा बाप कितवीपर्यंत वाचायला अडायचा, शाळा सोडली असेल तर का, मास्तर काय म्हणायचे, हे त्यांच्याशिवाय कुणालाच आठवणार नाही. तुमच्या मिस्टरांना ते ऐकायला जड जाईल, त्यांनाही न्या.