शिकवायला नेपाळला जाताना शाळेच्या वाचनालयासाठी इथून पुस्तकं न्यावीत का?

नाशिकहून सहा महिने नेपाळच्या डोंगरातल्या १२० मुलांच्या शाळेत स्वयंसेवक शिक्षिका म्हणून जाताना इथे जमवलेली इंग्रजी पुस्तकं न्यावीत का आणि तिथे वाचनालय कसं उभारावं, असं तुम्ही विचारलंय.

पुस्तकं नेऊ नका. जमवलेल्या गठ्ठ्यात जुनी गाइडं आणि मोठ्यांच्या कादंबऱ्याच जास्त निघतात. वाहतुकीचा पैसा काठमांडूत नेपाळी चित्रपुस्तकांवर खर्च करा. १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये हा दर ठरलेला असल्यामुळे हिशेब घरीच मांडता येतो. सुरुवातीला ३०० पुस्तकं पुरेत, त्यातली निम्मी पानाला एक-दोन ओळींची हवीत. कारण तमांग किंवा मगर या तिथल्या भाषा बोलणाऱ्या घरातल्या मुलाला नेपाळी शाळेतच भेटते, जशी पेठ-सुरगाण्यात घरी कोकणा बोलणाऱ्या मुलाला मराठी.

देवनागरी येते म्हणून निर्धास्त राहू नका. आपला मराठी वळणाचा ल आणि श तिथल्या पुस्तकांत नसतो, झ आणि ५, ८ हे आकडेही वेगळे दिसतात. फळ्यावर आपल्या सवयीने लिहिलंत तर पहिलीतली मुलं अडखळतील. तिथलं पहिलीचं पुस्तक घेऊन आठवडाभर अक्षरं गिरवा.

स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या संकेतस्थळावर नेपाळी गोष्टी खुल्या परवान्याने मिळतात, त्या छापून घेता येतात. मात्र स्टेपलर वापरू नका. दमट हवेत पिना गंजतात आणि पानं सुटतात. घडीवर दाभणाने तीन भोकं पाडून मेण लावलेल्या दोऱ्याने शिवा. दाभण, दोरा, रंगीत चिकटपट्टी मेन रोडवरून घेऊन जा, वजन काहीच नाही. वाचनाच्या पातळीप्रमाणे पुस्तकाच्या कण्यावर लाल, पिवळी, हिरवी पट्टी लावा आणि वरून पारदर्शक टेप. मोठ्या ग्रंथालयांसारखं विषयवार आकडे देणाऱ्या दशांश वर्गीकरणाची इथे गरज नाही.

मांडणी भिंतीपासून चार बोटं दूर, खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर वर. नाहीतर ओल आणि वाळवी आधी तिथेच शिरते. वरचा कप्पा पहिलीच्या मुलाच्या हाताला लागला पाहिजे.

पण वाचनालय बंद पडतं ते बहुतेक वाळवीने नाही, कुलपाने. पुस्तक हरवलं तर भरपाई आपल्याकडून घेतील, या भीतीने शिक्षक कपाट उघडत नाहीत. म्हणून वर्षाला ३० पुस्तकं फाटली-हरवली तरी चालतील, हे मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीकडून आधीच लेखी घ्या. स्वतंत्र खोलीही लागत नाही. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेत १०० पुस्तकांची पेटी वाचकांपर्यंत जाते आणि ठरावीक काळाने बदलते. तसंच ५०-५० च्या सहा पेट्या करा, एकेक वर्गात ठेवा, महिन्याने फिरवा. नोंदवहीत चारच रकाने: तारीख, मुलाचं नाव, पुस्तकाचा क्रमांक, परत. नोंद पाचवीच्या मुलांनी करावी.

भारतीयांना व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. शाळेचं पत्र आणि पोलिसांचा चारित्र्य दाखला मात्र जवळ ठेवा. शालेय वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला सुरू होतं, तेव्हाच पोहोचा. पुढे दशैंची, म्हणजे तिथल्या दसऱ्याची, मोठी सुट्टी येते.

पहिल्या दिवसापासून एक स्थानिक शिक्षक सोबत हवा. शेवटचा महिना तुम्ही नोंदवहीला हात लावू नका. काय अडतंय ते तुम्ही तिथे असतानाच कळेल.