खोराना आपले, आणि माझा भाऊ परका?

प्रश्न : विज्ञान दिनासाठी मी मुलांकडून 'भारताचे नोबेल शास्त्रज्ञ' असा तक्ता करून घेतला. रामन, खोराना, चंद्रशेखर, रामकृष्णन. एका मुलीचे वडील तो बघून म्हणाले, "बाई, यातल्या तिघांनी पासपोर्ट बदलला. माझा भाऊ पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडात स्विंडनला गोदामात राबतो, त्याला गावात गद्दार म्हणतात. मग हे तिघे आपले कसे?" मला उत्तर सुचलं नाही. तक्ता काढू की ठेवू?
(एक शिक्षिका, डिचोली)

उत्तर : तक्ता राहू दे. त्या गृहस्थांना मात्र एकदा चहाला बोलवा. बत्तीस वर्षं विज्ञान शिकवून मला जे सुचलं नाही ते त्यांनी उभ्या उभ्या विचारलं.

कायदा त्यांच्याच बाजूचा आहे. 1955 च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे आपण होऊन दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की इथलं संपतं. तो कायदा प्रयोगशाळा आणि गोदाम असा भेद करत नाही. चंद्रशेखर 1953 साली अमेरिकेचे नागरिक झाले, खोराना 1966 साली. त्यांची नोबेलं त्यानंतरची, 1983 आणि 1968. रामकृष्णन यांना 2009 साली मिळालं ते केंब्रिजमधल्या कामासाठी. चौघांत इथे राहून, इथल्या प्रयोगशाळेत काम करून ते मिळवणारे एकटे रामन, आणि 1930 साली तेही कागदोपत्री इंग्रज राजाचे प्रजाजन! पासपोर्ट तपासून तक्ता करायचा तर खिळा ठोकायचीसुद्धा गरज नाही.

जन्मगाव धरावं म्हटलं तर आणखी पंचाईत. चंद्रशेखर लाहोरचे. खोरानांचं रायपूर हे खेडं पंजाबातलं, पण आज ते पाकिस्तानात आहे.

खोरानांपाशी जरा थांबते. जेमतेम शंभर वस्तीचं खेडं, वडील पटवारी, लिहिता-वाचता येणारं घर जवळजवळ हे एकच. 1945 साली भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते लिव्हरपूलला गेले आणि डॉक्टरेट झाले. 1949 साली परत आले, तर त्यांना इथे नोकरी मिळाली नाही. आपणच पैसे घालून शिकायला पाठवलेला मुलगा, आणि परत आल्यावर त्याला बसायला खुर्ची नाही. ते पुन्हा केंब्रिजला गेले, मग कॅनडा, मग अमेरिका. 1968 साली मी चौदा वर्षांची होते. आमच्या मास्तरांनी फळ्यावर त्यांचं नाव लिहून खाली दोन रेघा ओढल्या आणि 'आपला माणूस' म्हणाले. आम्ही टाळ्या वाजवल्या. 1949 बद्दल मास्तर बोलले नाहीत. त्यांना तरी ठाऊक होतं की नाही कोण जाणे.

माझ्याही पदरी असं एक 1949 आहे. एका रेंदेराचा, म्हणजे माडाची सूर काढणाऱ्याचा, मुलगा माझ्या वर्गात होता. शाळा सुटली तरी प्रयोगशाळेतून हलायचा नाही. एकदा त्याच्या हातून ब्युरेट, म्हणजे द्रव मोजायची काचेची नळी, फुटली. मी त्याच्याकडून पैसे भरून घेतले, वर किल्लीही काढून घेतली. पुढे तो परदेशी गेला, तिथे त्याच्या कामाला मोठा मान मिळाला आणि गावानं देवळाच्या सभामंडपात त्याचा सत्कार केला. मी मंचावर. शाल, नारळ, आणि माझं भाषण : "मला तेव्हाच कळलं होतं." खाली उतरल्यावर तो पाया पडला आणि कानाशी म्हणाला, "टीचर, ती ब्युरेट कितल्याची आशिल्ली?" केवढ्याची होती, म्हणून. तो हसत होता. मला हसू आलं नाही. वडिलांनी ते पैसे कुठून आणले असतील, हे मी तेव्हा विचारलंच नव्हतं.

म्हणून तक्त्याचा मथळा बदला. 'भारताचे' ऐवजी 'आपल्या शाळांतून गेलेले' असं लिहा आणि प्रत्येकाखाली कुठे शिकले, कोणी शिकवलं ते मुलांना शोधायला लावा. खोरानांनी स्वतःच आपल्या गुरूंची नावं सांगून ठेवली आहेत : मुलतानच्या शाळेतले रतनलाल, लाहोरचे महान सिंग. चंद्रशेखर मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजचे. रामकृष्णन यांनी बडोद्याला भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केलं. नोबेल जाहीर झाल्यावर भारतातून आलेल्या ईमेलांनी कामाचे निरोप सापडेनासे झाले म्हणून ते वैतागले होते, आणि राष्ट्रीयत्व हा जन्माचा अपघात आहे असंही म्हणाले होते. तेव्हा इकडे अनेकांना राग आला. मला नाही आला. लग्नघरी कधी न फिरकलेले पाहुणे बुंदीच्या पंगतीला हजर झाले, तर यजमान वैतागणारच.

तक्त्यात एक चौकोन गणितज्ञ दामोदर कोसंबींसाठी ठेवा. गोव्यात जन्मलेले, हार्वर्डला शिकलेले आणि 1929 साली परत आलेले. पुण्यात गणित शिकवत असताना, 1944 साली त्यांनी गुणसूत्रावरची जनुकांमधली अंतरं मोजायचं एक सूत्र दिलं. पिकांच्या जनुकांचे नकाशे करणारे ते आजही वापरतात, त्यांच्याच नावानं. त्यांना नोबेल नाही, आणि ते परतही आले, त्यामुळे बहुतेक तक्त्यांत त्यांना जागा नसते. माझ्या शाळेच्या तक्त्यातही नव्हती.

आता त्या मुलीचा काका. गोव्यात असं कुठलं घर आहे, ज्यातला एक तरी माणूस तारवटी म्हणून बोटीवर, आखातात किंवा निदान मुंबईला नव्हता? ज्यांच्या पैशावर गावातल्या घरांची कौलं बदलली, त्यांतल्याच एकाला आता गद्दार म्हणायचं? आणि 2015 साली मूळच्या मडगावच्या घराण्यातले आंतोनियो कॉश्ता पोर्तुगालचे पंतप्रधान झाले, तेव्हा हाच गाव 'मडगावचो बाबूश' म्हणून नाचला असेल! ते गृहस्थ चहाला आले की काकांचा पत्ता घ्या आणि मुलांना त्यांना एक पत्र लिहायला सांगा. गोदामात माल कसा लावतात, यंत्रं कोणती, थंडीत हात कसे चालतात. चांगलं उत्तर आलं तर तेही भिंतीवर लावा.

प्रश्न : मुलगी जर्मनीत संशोधन करते. शेजारी दर गणेशचवथीला विचारतात, "परत कधी येणार?" काय सांगू?
(एक आई, म्हापसा)

उत्तर : "तुमच्या ओळखीत तिच्या विषयाची जागा निघाली का?" असं उलट विचारा. पुढच्या चवथीला गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीबद्दल बोलतील.

प्रश्न : पणजीतला फारियांचा पुतळा त्या बाईवर धावून का जातोय?
(इयत्ता सहावीतला वाचक, ताळगाव)

उत्तर : धावून जात नाही रे, तिला संमोहनानं झोपवतोय. आबे फारिया आपल्या कांदोळीचे. 1771 साली, पंधरा वर्षांचे असताना वडिलांबरोबर लिस्बनला गेले. असं सांगतात की तिथे राणीसमोर प्रवचन देताना त्यांची बोबडी वळली, तेव्हा वडील कोकणीतून पुटपुटले, 'ही सगळी भाजी, कातर रे भाजी!' म्हणजे समोरच्यांना भाजी समज, घाबरू नकोस. आणि मग गाडी सुरळीत चालली. पुढे पॅरिसमध्ये त्यांनी दाखवून दिलं की संमोहन कुठल्या चुंबकी शक्तीनं होत नाही, ऐकणाऱ्याच्या मनावर सूचना बिंबली की होतं. तिथे त्यांची टिंगल झाली आणि 1819 साली तिथेच ते वारले. पुतळा बसला 1945 साली. 1945 मधून 1819 वजा कर आणि उत्तर मला पोस्टकार्डावर कळव.