ऋतू सरतो की ओसरतो?

प्रश्न असा आला आहे: ‘मी रोज संध्याकाळी झाडांबद्दल दोन-तीन ओळींची नोंद ठेवते. परवा लिहिलं, “वसंत ओसरू लागला. पानांचा पोपटी रंग जाऊन ती हिरवट झाली.” मैत्रीण म्हणाली, ओसरतो तो पूर, ऋतू सरतो. तिचं बरोबर आहे का? आणि या दिवसांत जे बारीकसारीक बदल होतात त्यांना वेगवेगळे शब्द आहेत, की सगळ्यांना “बदललं” म्हणून मोकळं व्हायचं?’

मैत्रिणीचा कान तिखट आहे. तरी निकाल मी तुमच्या बाजूने देतो. फक्त तुमचं दुसरं वाक्य मात्र वाचवता येणार नाही. त्याकडे शेवटी येतो.

सरणे आणि ओसरणे ही एकाच घरातली क्रियापदं. दोन्हींच्या मुळाशी संस्कृत ‘सृ’ धातू आहे, म्हणजे सरकणे, जाणे. ‘सरणे’ हा सरळ पुढे जातो आणि जाता जाता खर्ची पडतो. तेल सरतं, दिवस सरतात, डिसेंबर आला की सरत्या वर्षाचा आढावा घेतला जातो. ‘सरतेशेवटी’ म्हणताना त्यातला ‘सरते’ आपल्याला ऐकूही येत नाही, इतका तो मुरला आहे. एकूण, ज्याचं माप आहे, साठा आहे, मोजदाद आहे, ते सरतं. ‘ओसरणे’च्या मागे ‘अप’ हा उपसर्ग आहे: संस्कृतात अपसरति, प्राकृतात ओसरइ, मराठीत ओसरतो. अर्थ मागे हटणे, माघार घेणे. म्हणजे ओसरण्यासाठी आधी चढलेलं असावं लागतं. पूर ओसरतो, गर्दी ओसरते, सूज ओसरते, उत्साह ओसरतो. यातलं काहीही वापरून संपलेलं नसतं. एका खुणेपर्यंत आलेलं असतं, तिथून खाली उतरतं.

आता एक चाचणी करू. ‘थंडी ओसरली’ आपण सहज म्हणतो. ‘हिवाळा ओसरला’ म्हटलं की जीभ थोडी अडखळते, तिथे ‘हिवाळा सरला’ किंवा ‘संपला’ येतं. ‘पाऊस ओसरला’ चालतं, पण ‘पावसाळा ओसरला’? पुन्हा अडखळ. ऊन तर बहुधा ओसरण्याऐवजी उतरतं किंवा कलतं. आणि उन्हाळा सरतो. म्हणजे भाषेने कामाची वाटणी करून ठेवली आहे. ऋतूचं नाव जेव्हा काळ सांगतं तेव्हा तो सरतो, आणि त्या काळात जे भरून आलेलं असतं ते ओसरतं. हिवाळा, उन्हाळा या नावांत तर ‘काल’ शब्द उघड बसलेला आहे. हिमकालाचा हिवाळा झाला, उष्णकालाचा उन्हाळा. काळच तो, मग तो ओसरणार कसा? तुमच्या मैत्रिणीच्या कानाने हेच नेमकं टिपलं.

पण वसंताला अशी जोडी नाही. थंडी-हिवाळा, पाऊस-पावसाळा, ऊन-उन्हाळा आहेत, पण वसंत-वसंताळा नाही. ‘वसंत’ हा एकच शब्द दोन महिन्यांचा काळही सांगतो आणि त्या काळातला फुलाफळांचा भरही. दोन कामं एकाच्याच अंगावर पडल्यामुळे त्याला दोन्ही क्रियापदं लागू पडतात. पंचांगातला वसंत वैशाख अमावास्येला सरतो. झाडांवरचा वसंत ओसरतो, आणि तो अमावास्येची वाट पाहत नाही. शिवाय पंचांगातला वसंत स्वतःही जागेवर नसतो. चांद्र महिने मागे सरकत राहतात आणि साधारण बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी अधिक मास घालून त्यांना पुन्हा ओळीत आणावं लागतं. त्यामुळे एखाद्या वर्षी चैत्र मार्चच्या मध्यावरच सुरू होतो, तर एखाद्या वर्षी एप्रिल उजाडतो.

आणखी एक साक्षीदार आहे, तो मला फार आवडतो. ‘बहर ओसरला’ या प्रयोगाला कोणीच हरकत घेणार नाही. पण बहर म्हणजे मूळचं कोण? फारसी ‘बहार’. आणि फारसीत बहार म्हणजे वसंत ऋतू! आपण ‘बहर ओसरला’ म्हणतो तेव्हा शब्दाच्या पोटातला वसंतच ओसरलेला असतो. मराठीत आल्यावर बहर मात्र ऋतूपासून सुटला. बागाईतदार जूनच्या सुमारास येणाऱ्या फुलोऱ्याला मृग बहर म्हणतात आणि पावसाळ्याच्या अखेरीस येणाऱ्याला हस्त बहर. भर पावसात ‘वसंत’ येतो म्हणा ना.

तर ‘वसंत ओसरू लागला’ बरोबर. पण नोंदवही ठेवता आहात, तर इथे सहाय्यक क्रियापदही जपून निवडा. त्यात पंधरवड्यांचा फरक असतो. ‘ओसरू लागला’ म्हणजे आत्ता कुठे सुरुवात. फुलं भरपूर आहेत, पण झाडाखालची जास्त दिसू लागली आहेत. ‘ओसरत चालला’ म्हणजे गती धरली, काल आणि आज यांत फरक दिसतो. ‘ओसरत आला’ म्हणजे जवळजवळ संपलं, शेंड्याला चार फुलं उरली. ‘ओसरला’ म्हटलं की विषय मिटला. ही सोय आपण रोज वापरतो, तरी लिहायला बसलो की ‘हळूहळू’, ‘थोडासा’, ‘जवळपास’ असल्या कुबड्या घेतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही माझ्या मते इथेच आहे. बारीक बदलांसाठी आपण नामं शोधत बसतो: पालवी, मोहोर, बहर. नाम थांबलेलं असतं. मराठीत बदल राहतो क्रियापदात. पालवीवरून पालवणे आहे, मोहोरावरून मोहोरणे आहे, फुलावरून फुलणे आणि फुलारणेही आहे. झाडाचं गळणं आणि झडणं एक नाही. पान किंवा फूल देठाशी सुटून आपलं आपण पडतं ते गळतं. वाऱ्याने, हलवण्याने, एकदम बरंच पडतं ते झडतं. आणि फुलं धारेसारखी एकामागून एक खाली येतात तेव्हा ती ओघळतात. बहाव्याच्या पाकळ्यांना मी ‘ओघळणे’च वापरतो, कारण लोंबते घोस वरून खाली रिकामे होताना बघितले की दुसरं क्रियापद सुचतच नाही.

फूल गळून जागा रिकामी राहिली की आपण म्हणतो बहर गेला. पण त्याच जागी फळ धरलं का, हेही पाहावं. ‘धरणे’ हा किती नेमका शब्द आहे! नुसतं फळ येणं वेगळं आणि ते देठाला टिकून राहणं वेगळं. पुढे फांदी वाकेपर्यंत फळं आली की झाड लगडतं.

वाऱ्याचंही तसंच. सकाळी अंगावर येते ती झुळूक, दुपारी लागते ती झळ. झुळूक येते, झळ लागते. इथे क्रियापदानेही बाजू घेतली आहे. ज्या दिवशी सकाळी दहालाच ‘लागली’ लिहावंसं वाटेल, त्या दिवशी वसंत ओसरला असं खुशाल नोंदवा. सावलीकडेही लक्ष ठेवा. मे महिन्यात महाराष्ट्रात प्रत्येक ठिकाणी एक दुपार अशी येते की सूर्य थेट डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच हरवते. त्या दिवसापर्यंत दुपारची सावली आखूड होत जाते, आकसत जाते. संध्याकाळची मात्र लांबतच असते.

एक गोष्ट ओसरत नाही, आणि तिथे कवींच्या सवयीवर विसंबू नका: कोकिळाचा आवाज. कुहूकुहूला वसंताशी इतकं घट्ट बांधलं आहे की वैशाख सरला की तो थांबला असं आपण न ऐकताच लिहितो. प्रत्यक्षात तो पावसाळ्यातही ऐकू येतो, कारण हा पक्षी कावळ्याच्या घरट्यात अंडी घालतो आणि कावळ्यांचा विणीचा काळ पुढेपर्यंत चालतो. आणि तो कोकिळ, नर. ‘कोकिळा गाते’ हे वाक्य व्याकरणात पास, निरीक्षणात नापास.

आता ते दुसरं वाक्य. ‘पोपटी रंग जाऊन ती हिरवट झाली.’ नव्या पानाचा प्रवास बघा. पिंपळाचं किंवा कुसुम नावाच्या झाडाचं पान फुटतं तेव्हा ते तांबूस असतं, कारण त्यात हरितद्रव्य अजून भरलेलं नसतं आणि अँथोसायनिन हे तांबडं रंगद्रव्य असतं. मग हरितद्रव्य वाढतं, पान पोपटी होतं, मग हिरवं, मग गर्द. पुढे ते जून होतं, निबर होतं, बोटांना राठ लागतं. म्हणजे पोपटीनंतर हिरवेपणा वाढतो. ‘हिरवट’ मात्र कमी हिरवं सांगतो. ‘-ट’ किंवा ‘-कट’ हा प्रत्यय जिथे बसतो तिथे वस्तू बहुधा अपुरी तरी असते किंवा नकोशी तरी: धुरकट, मळकट, तेलकट, पोरकट. फळ हिरवट लागतं म्हणजे पिकलेलं नाही. कौतुक करायचं असेल तर ‘-सर’ आहे. पिवळसर छटा मोहक असते, पिवळट डाग धुवून काढावा लागतो. ‘हिरवट म्हातारा’ कोणाला म्हणतात ते तुम्हाला ठाऊक असेलच. पिंपळावर तशी वेळ आणू नका.

तिथे ‘हिरवी झाली’ पुरेसं आहे. फारच राहवलं नाही तर ‘हिरवीगार’.