काका, लाइटचं काम पोरीनं करावं का?

प्रश्न : काका, मी नागपुरात महाल भागात राहते, वय २०. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झाले, सध्या एका डेकोरेटरकडे लग्नाच्या लाइटिंगला जाते. मला सिनेमाच्या लाइटिंगमध्ये जायचंय. बाबा म्हणतात ही हमाली आहे, तीही पोरांची. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटला, एफटीआयआयला जाऊ की सरळ मुंबई गाठू?

उत्तर : बाबांचं अर्धं बरोबर आहे बेटा. हमाली आहेच. सकाळी ट्रकमधून लाइट, स्टँड, केबल उतरवा, पॅकअपनंतर परत चढवा, आणि मे महिन्यात आपल्या ४५च्या उन्हात उजेड परतवायला थर्माकोलची शीट धरून उभं राहिलं की वाऱ्याची झुळूकपण वैरी वाटते.

पण आयटीआय केलंस ते भारी केलंस, कारण सेटवर आधी लोडचा हिशेब, मग बाकी सगळं. मी नवा होतो तेव्हा धरमपेठेत एका बंगल्यात जाहिरातीचं शूट होतं, जनरेटर यायला उशीर, हेड म्हणाला लाव फाइव्ह-के, म्हणजे ५००० वॅटचा लाइट, घरच्याच सॉकेटला, मी लावला. ५००० वॅट भागिले २३०, म्हणजे जवळपास २२ अँपिअर, अन् सॉकेट १६चं! आधी जळका वास आला, मग बोर्ड काळा पडला, मग घरमालकीण बाहेर आल्या. पुढचं लिहीत नाही.

आता लग्नाची सवय मोड. तिथं सगळंच उजळायचं असतं, इथं कापायचं असतं. उजेड अडवणारे कटर, तो मऊ करणारे स्किमर, काळं कापड यातच निम्मा दिवस जातो. आजच रात्री आईला खुर्चीत बसव, बाकी दिवे बंद, एकच एलईडी बल्ब चेहऱ्यापासून दोन फुटांवर धर, मग चार फुटांवर ने. उजेड अर्धा नाही, पाव होतो. मधे बटर पेपरची मोठी शीट धर आणि नाकाची सावली कशी विरघळते ते बघत बस, आई कंटाळेपर्यंत.

एफटीआयआयचा सिनेमॅटोग्राफीचा मोठा कोर्स पदवीनंतरचा आहे, तिथं कॅमेरामन घडतात. लाइटमन सेटवरच शिकतो, मग बेस्ट बॉय म्हणजे गॅफरचा उजवा हात, मग गॅफर म्हणजे लाइटिंगवाल्यांचा मुख्य. मुंबईत युनियनचं कार्ड लागतं, कार्ड काढून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर त्याला चहा पाज आणि स्वतः युनियनच्या ऑफिसात जा. पैसे उशिरा येतात, दोन-तीन महिन्यांचा खर्च गाठीला हवा.

पोरीचं म्हणशील तर हेतल देढिया गॅफर आहेत, वडील मूलचंद देढियाही गॅफर. बायकांना मेकअप आर्टिस्टचं कार्ड नाकारणं बेकायदेशीर, हे सुप्रीम कोर्टानं २०१४मध्येच सांगितलं. तरी आउटडोअरला जाताना बाथरूमची सोय काय ते आधीच विचार, लाजू नको. इतकी वर्षं सेटवर काढून मला हे पोरी कामाला आल्यावर सुचलं, काय सांगू!

माझं ऐकशील तर मुंबईआधी एक सीझन गडचिरोलीतल्या वडसाला झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, एखाद्या नाटक कंपनीत लाइटवर काढ. रोज नवं गाव, रात्रभर नाटक, मंडप टाकायचा, वायर ओढायची, पहाटे सगळं गुंडाळायचं. हात बसतो. आणि हॅलोजनचा बल्ब नुसत्या हातानं कधी धरू नको, स्वच्छ कापड घे. बोटाचं तेल काचेला लागलं की तापल्यावर तिथूनच तडकतो.