साखर नसली तरी दात का झिजतात?

प्रश्न : माझे यजमान सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात पाळीत काम करतात. दोन वर्षांपूर्वी त्यांना मधुमेह निघाला, तेव्हापासून त्यांनी नेहमीचे कोलापेय सोडले आणि डाएट कोला सुरू केला. दिवसाला दोन कॅन होतात. अलीकडे गार पाणी प्यायले की त्यांच्या दातांतून कळ जाते. दंतवैद्यांनी तपासून सांगितले की कीड कुठेही नाही, पण दात झिजले आहेत आणि त्याला हे पेय कारणीभूत असावे. डब्यावर तर साखर नसल्याचे स्पष्ट छापलेले असते. मग दात कशाने झिजले? निदानात काही चूक तर होत नाही ना?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : आपण सांगितलेल्या लक्षणांवरून दंतवैद्यांचे निदान मला योग्य वाटते, आणि डब्यावर छापलेलेही खरेच आहे. घोटाळा होतो तो कीड आणि झीज या दोन वेगळ्या गोष्टींना आपण एकच समजतो म्हणून.

कीड लागते तेव्हा तोंडातील जिवाणू, त्यांतही मुख्यतः स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स, आपण खाल्लेल्या साखरेवर पोसले जातात आणि आम्ल तयार करतात. ते आम्ल दाढेच्या खाचेत किंवा दोन दातांच्या फटीत साचून दात पोखरते. डाएट पेयांना गोडवा येतो तो ॲस्पार्टेम, ॲसेसल्फेम पोटॅशियम किंवा सुक्रालोज यांच्यामुळे, आणि यांच्यापासून जिवाणूंना आम्ल बनवता येत नाही. नेहमीच्या कोलाच्या ३०० मिलीलिटरमध्ये साधारण ३२ ग्रॅम, म्हणजे सहा-सात चमचे साखर असते. ती आपल्या यजमानांनी सोडली हे मधुमेहाच्या दृष्टीने उत्तम झाले आणि किडीच्या दृष्टीनेही. त्यांच्या तोंडात कीड सापडली नाही, यात या बदलाचा वाटा नक्कीच असू शकतो.

झिजेचे तसे नाही. तिथे आम्ल तयार करायला जिवाणू लागतच नाहीत, कारण ते पेयातच आयते मिसळलेले असते. रिकामा कॅन टाकून देण्याआधी एकदा फिरवून मागची बारीक अक्षरे वाचावीत. ‘आम्लता नियंत्रक ३३८’ असे लिहिलेले असेल तर ते फॉस्फरिक आम्ल, आणि ‘३३०’ असेल तर ते सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबातले. कोलाच्या चवीला जी धार असते ती मुख्यतः या आम्लामुळे येते, त्यामुळे साखर काढली तरी आम्ल काढले जात नाही. आम्लता मोजण्याचे माप म्हणजे सामू, ज्याला आपण पीएच म्हणतो. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो. सामू जितका कमी तितके आम्ल तीव्र; तोंडातील सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की दातांचे वरचे कवच, म्हणजे इनॅमल, विरघळू लागते. नेहमीच्या कोलाचा सामू २.५ च्या आसपास असतो आणि डाएट कोलाचा ३ च्या आसपास. या मापात एक अंक खाली गेला की आम्लता दहापट वाढते, हे लक्षात घेतले तर ५.५ आणि ३ यांतील अंतर सुमारे तीनशे पटींचे ठरते. डाएट पेय थोडे सौम्य आहे खरे, पण दोन्ही पेये धोक्याच्या रेषेच्या पुष्कळ खाली आहेत.

आपल्या भाषेत याला फार पूर्वीपासून शब्द आहे. कैरी किंवा चिंच खाल्ल्यावर दात आंबतात, असे आपण लहानपणापासून म्हणतो. त्या वेळी दातांवरून जीभ फिरवली तर ते नेहमीसारखे गुळगुळीत न लागता खरबरीत लागतात आणि पोळीचा घास चावणेही नकोसे होते. कैरीच्या वेळी ते लगेच जाणवते. कोलाचा गोडवा आणि गारवा मात्र ती जाणीव झाकून टाकतो, म्हणून दात रोज थोडे थोडे आंबत असतात आणि माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही.

हाड मोडले तर जुळते, कातडी फाटली तर भरून येते, पण इनॅमलमध्ये जिवंत पेशी नसतात. त्याच्या वजनाचा सुमारे ९६ टक्के भाग निव्वळ खनिजांचा असतो. शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ तोच, परंतु एकदा गेला की पुन्हा उगवत नाही. त्याच्या रक्षणाला निसर्गाने लाळ दिली आहे. लाळ आम्ल पातळ करते, ते निष्प्रभ करते आणि मऊ पडलेल्या थरात कॅल्शियम व फॉस्फेट परत भरते. मात्र हे काम एका क्षणात होत नाही, त्याला वेळ लागतो, आणि म्हणूनच आपल्या प्रश्नातील ‘दिवसाला दोन कॅन’ या शब्दांपेक्षा मला वेगळीच माहिती हवी आहे. ते दोन कॅन किती वेळात संपतात? जेवणाबरोबर दहा मिनिटांत एक कॅन संपला तर तोंडाला एकदाच सावरावे लागते. तोच कॅन यंत्राशेजारी ठेवून तीन तासांत वीस घोटांनी संपवला तर प्रत्येक घोटाला आम्लाची नवी लाट येते आणि लाळेला उसंतच मिळत नाही. पेय तेवढेच, पण दात आम्लात राहण्याचा काळ कितीतरी पट वाढतो.

अंबडच्या एका कारखान्यातील तिशीतला तरुण माझ्याकडे आला होता, त्याचे तोंड मला अजून आठवते. दिव्याखाली आरसा धरला तेव्हा खालच्या दाढांच्या टोकांवर मोहरीच्या दाण्याएवढे खळगे दिसले. त्यांच्या तळाशी पिवळसर रंग होता, कारण इनॅमल संपून आतले डेंटिन उघडे पडले होते. एका दाढेतील जुने चांदीचे भरण भोवतालच्या दातापेक्षा वर उठलेले होते. डांबर झिजून रस्ता खचतो आणि गटाराचे झाकण तेवढे वर उरते, तसेच ते दिसत होते. भरण आम्लात विरघळत नाही, दात विरघळतो. कीड एकही नव्हती, ब्रश तो दोन वेळा न चुकता करत असे, आणि साखर नसलेल्या पेयाची मोठी बाटली पाळीभर त्याच्या हाताशी असे. इतक्या काळजीने राहणाऱ्या माणसाला ‘आपले दात झिजले आहेत’ हे सांगताना मला खरोखर वाईट वाटले, कारण त्याला हे आधी कोणी सांगितलेच नव्हते.

आपल्या यजमानांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. मधुमेहात, विशेषतः साखर नियंत्रणात नसताना, तोंड कोरडे पडते; रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही लाळ कमी होते. त्यात एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात यंत्रावर घाम गाळणाऱ्या माणसाच्या अंगातले पाणी आधीच कमी झालेले असते. अशा वेळी तहान भागवायला आम्लयुक्त पेय घेणे म्हणजे राखणदार रजेवर असताना दार उघडे ठेवणे आहे. तहान पाण्यानेच भागवावी. डाएट कोला चवीसाठी हवाच असेल तर जेवणाबरोबर, गार, एका बैठकीत आणि तोंडात न घोळवता प्यावा. नळी वापरायची तर तिचे टोक पुढच्या दातांच्या मागे, जिभेवर ठेवावे. नंतर पाण्याने खळखळून चूळ भरावी. नुसता साधा सोडा त्या मानाने सौम्य असतो, पण त्यात लिंबू पिळले की तो सौम्य राहत नाही.

मात्र सगळा दोष एका पेयावर टाकण्याचीही घाई करू नये. १९५० साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे प्राध्यापक क्लाइव्ह मॅके यांनी तिथल्या संसदीय समितीपुढे सांगितले होते की, कोलाच्या पेल्यात ठेवलेला दात दोन दिवसांत मऊ पडून विरघळू लागतो. त्याच गोष्टीचे तिखटमीठ लावलेले रूप आज मोबाइलवर फिरत असते. पण पेल्यात लाळ नसते आणि कोणी दोन दिवस कोला तोंडात धरून बसत नाही. यजमानांना छातीत जळजळ, आंबट ढेकर किंवा रात्री घशाशी येण्याचा त्रास आहे का, हे अवश्य पाहावे. जठरातील आम्ल कोलापेक्षाही तीव्र असते आणि ते वरच्या पुढच्या दातांची टाळूकडची बाजू झिजवते. मिश्री लावण्याची किंवा कडक ब्रशने जोरात घासण्याची सवय असेल तर तीही दंतवैद्यांना सांगावी, कारण आम्लाने मऊ झालेला थर घासून निघायला मग वेळ लागत नाही.

गेलेले इनॅमल परत येणार नाही, पण झीज आहे तिथे थांबवता येते. दंतवैद्य फ्लोराइडचा लेप देतात, उघड्या डेंटिनवर दाताच्या रंगाचे भरण चढवतात, आणि दातांची छायाचित्रे काढून ठेवून सहा महिन्यांनी ती ताडून पाहतात. ही छायाचित्रे त्यांच्याकडे आवर्जून मागावीत, कारण झीज सुरू आहे की थांबली, हे एका भेटीत कोणालाच सांगता येत नाही.

प्रश्न : माझी मुलगी कॉलेजातून येताना मैत्रिणींबरोबर शीतपेय पिते आणि दात खराब होऊ नयेत म्हणून घरी आल्याबरोबर ब्रश करते. ही सवय चांगली आहे ना?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : हेतू चांगला आहे, वेळ चुकीची आहे. आम्लाचा स्पर्श होऊन गेलेला वरचा थर त्या वेळी मऊ असतो आणि ब्रशने तोच निघून जाण्याची शक्यता असते. म्हणून आम्ही साधारणतः अर्धा ते एक तास थांबायला सांगतो. तोवर लाळेला तिचे काम करू द्यावे. घरी आल्यावर मुलीने साध्या पाण्याने चूळ भरावी, हवे तर पनीरचा किंवा चीजचा लहानसा तुकडा खावा. ब्रश मऊ केसांचा असावा, आणि १००० पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइड असलेली पेस्ट रात्री झोपताना लावल्यावर नुसते थुंकावे, पाण्याने पुन्हा पुन्हा चूळ भरून ती धुऊन टाकू नये. झोपेत लाळ फार कमी सुटते, तेव्हा तो फ्लोराइडचा थर दातांवर राहणे मोलाचे असते.

प्रश्न : बाटलीबंद डाएट पेयापेक्षा घरचे लिंबूसरबत मुलांच्या दातांना चांगलेच असणार, असे सासूबाई म्हणतात आणि नातवाच्या शाळेच्या बाटलीत रोज सरबत भरून देतात. त्यांचे बरोबर आहे का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : सासूबाईंच्या मायेबद्दल शंका नाही, पण दातांना आम्ल घरचे की बाजारचे हे कळत नाही. लिंबाच्या रसाचा सामू २ ते ३ च्या दरम्यान असतो, पाणी घातल्याने तो फारसा वर येत नाही, आणि सरबतात साखरही असते. म्हणजे झीज आणि कीड दोन्हींची सोय झाली. त्यातही बाटली दिवसभर जवळ असल्याने मूल तासातासाला एक घोट घेते, जे सर्वांत वाईट. सासूबाईंना न दुखावता दुसरा मार्ग सुचवता येईल. दही आंबट असते, त्याचा सामू ४ च्या आसपास असतो, तरी त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट भरपूर असल्यामुळे ते इनॅमल विरघळवत नाही. तेव्हा शाळेतून आल्यावर आजीच्या हातचे जिरे-मीठ घातलेले ताक द्यावे, सरबत सुट्टीच्या दिवशी जेवणाबरोबर पेल्यातून द्यावे, आणि शाळेच्या बाटलीत माठातले साधे पाणी भरावे.